रात्रीपुरती खोली

एकतीस वर्षं मावशींनी दुसऱ्यांच्या झोपेची सोय केली. स्टेशनाजवळच्या एका तीन मजली लॉजमध्ये त्या खोल्या आवरायच्या कामाला होत्या. चादरी बदलायच्या, उशांचे अभ्रे काढायचे-घालायचे, न्हाणीघर घासायचं आणि पुढच्या खोलीचं कुलूप उघडायचं. मॅनेजरपासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. पाहुणे मात्र "ए" म्हणत. एवढ्या वर्षांत एवढे पलंग घातले, पण भाड्याच्या पलंगावर मावशी स्वतः एक रात्रही झोपल्या नव्हत्या.

घरी त्यांना दुसरं नाव होतं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. हे घड्याळजी बायकोला 'फौजदार' म्हणायचे. कारणही तसंच होतं. शेजारीण वाटीभर काही घेऊन आली, तर मावशी आधी वाटी घेत नसत, "आज काय विशेष?" असं विचारत. इस्त्रीचे कपडे आले की बटणं मोजत. दारावर आलेल्या विक्रेत्याला त्या असे काही प्रश्न विचारत, की बिचारा आपलंच सामान घेऊन पळायचा. घड्याळजींचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्यांना सगळं जग चांगलं वाटे. गिऱ्हाईक उधार ठेवून गेलं तरी ते म्हणत, "येईल हो, विसरला असेल."

तर असं हे जोडपं मेहुण्याची जुनी गाडी मागून घेऊन लेकीच्या लग्नाला निघालं होतं. लग्न दूरच्या शहरात, नोंदणी कचेरीत, दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता. लेक तिथेच नोकरीला. तिने फोनवर सांगितलं होतं, "आई, काही म्हणजे काही आणू नकोस. फक्त आजीची साखळी आण. ती घालूनच मी सही करणार." आजीची साखळी म्हणजे मावशींच्या आईची. बारीक, सोन्याची, घरातलं तेवढंच एक सोनं. आजारपणं झाली, घराचं छप्पर गळलं, तरी मावशींनी ती कधी गहाण टाकली नव्हती. तिचा फासा मात्र दोन वर्षांपासून सैल होता. माणसाच्या घरात घड्याळजी असून साखळीचा फासा सैल, याला काय म्हणायचं? रोज "उद्या करतो." शेवटी ती गळ्यात घालायची सोय नव्हती, म्हणून मावशींनी कापडाच्या इवल्याशा बटव्यात घातली आणि बटवा कपड्यांच्या आतून, छातीशी, सेफ्टीपिनने अडकवला. वाटेत दर दहा मिनिटांनी त्यांचा हात तिथे जाऊन येत होता.

खरं तर संध्याकाळी सातलाच पोचायचे ते. पण वाटेत चाक पंक्चर झालं, ते बदलण्यात दोन तास गेले आणि दिवस कलायला लागला. घड्याळजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंधार पडल्यावर गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. त्यामुळे वाटेतच कुठेतरी मुक्काम करणं भाग होतं.

"हरकत नाही," घड्याळजी म्हणाले, "रस्त्याला लागून मोटेलं काय कमी आहेत? परवडेल ते बघू आणि ताणून देऊ."

"बघू म्हणजे मी बघते," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला दाखवला तर गोठासुद्धा पसंत पडेल."

पहिलं मोटेल दिसायला झोकदार होतं. बाहेर निळ्या दिव्यांची पाटी, 'स्वच्छ खोल्या, गरम पाणी, वाजवी भाडं'. मावशींना पाटीच खटकली. जो स्वच्छ असतो तो तसं लिहून कशाला लावेल? काउंटरवर टाय लावलेला कारकून. त्याने हसून किल्ली पुढे केली. मावशी म्हणाल्या, "आधी खोली."

खोलीचं दार उघडताच फुलांचा घमघमाट आला. मावशी उंबऱ्यातच थांबल्या. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. लॉजमध्ये वेळ कमी असला की त्या स्वतः पडद्यांवर हाच फवारा मारायच्या. त्यांनी पलंगपोस एका कोपऱ्यातून उचलला, खालच्या चादरीवरून तळवा फिरवला आणि वाकून डोळे चादरीच्या पातळीला नेले. धुऊन आलेल्या चादरीवर घडीच्या उभ्या-आडव्या रेषा असतात. इथे रेषा नव्हत्या. हाताने दाबून सपाट केलेल्या सुरकुत्या होत्या.

"काल इथे झोपलेला माणूस डाव्या कुशीवर झोपतो," मावशी कारकुनाला म्हणाल्या.

कारकुनाचं हसू टायच्या गाठीपर्यंत उतरलं. "नाही हो ताई, आजच बदललीय."

"बदलली नाही, उलटली. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून चादरी उलटतेय, मला शिकवू नकोस."

त्या तरातरा बाहेर आल्या. मागून घड्याळजी कारकुनाला "येतो हं" म्हणाले, जणू काही पाहुणचारच घेऊन निघाले होते.

दुसरं मोटेल एका गॅरेजच्या वर होतं. जिना तेलकट, काउंटरवरचा माणूस टीव्हीकडे तोंड करून बसलेला. मान न वळवता त्याने विचारलं, "किती तासांसाठी?"

"उजाडेपर्यंत," घड्याळजी भाबडेपणाने म्हणाले.

मावशींनी त्यांची बाही धरली आणि त्यांना जिन्यावरून खाली आणलं. गाडीत बसल्यावर काय प्रकार होता ते घड्याळजींच्या लक्षात आलं आणि मग त्यांना हसू आवरेना. "फौजदारबाई, या वयातही आपल्याला लोक असं विचारतात, हे काय कमी झालं?"

"गाडी चालवा," मावशी म्हणाल्या. पण त्याही खिडकीकडे तोंड करून हसल्या.

हसण्याची वेळ मात्र उरली नव्हती. उजेड झपाट्याने जात होता. समोरून येणाऱ्या दिव्यांनी घड्याळजींचे डोळे दिपत होते. एकदा गाडी रस्ता सोडून खडीवर गेली आणि मैलाच्या दगडापासून हातभर अंतरावर थांबली. घड्याळजींनी चाकावरचे हात सोडले. त्यांनी रुमालाने मान पुसली. मावशींचा हात बटव्याकडे गेला. त्या म्हणाल्या, "आता जे पहिलं लागेल, तिथे थांबू."

जे पहिलं लागलं ते एक बसकं, लांबट बांधकाम होतं. एका रांगेत आठ खोल्या, हिरवी दारं, पत्र्याचं छप्पर. पाटीवर फक्त 'खोल्या मिळतील'. आत टेबलामागे एक जाडजूड मालकीण सुजलेला पाय स्टुलावर ठेवून मटार सोलत बसली होती. तिने भाडं सांगितलं. ते पहिल्या मोटेलच्या निम्म्याहून कमी होतं.

घड्याळजींचा चेहरा खुलला आणि मावशींचा पडला. "एवढं स्वस्त का?" त्यांनी विचारलं.

"जास्त देता का?" मालकीण म्हणाली आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मावशींच्या मनाने घेतलं. चार नंबरच्या खोलीत शिरल्या त्या पदर खोचल्यासारख्या आवेशातच. पलंगपोस ओढला. चादरीवर घडीच्या रेषा, उभ्या आणि आडव्या. गादीच्या शिवणी बोटाने उलगडून पाहिल्या, ढेकणाचा डाग नाही. न्हाणीघराच्या दारामागचा कोपरा, जिथे कुणाचाही हात पोचत नाही, तिथेही केस सापडला नाही. दिवा मंद असेल म्हणावं, तर तोही लख्ख. टेबलावर दोन पेले पालथे. त्या पेल्यांवर मात्र कागदी टोप्या होत्या, आणि मावशींना कागदी टोप्यांचा इतिहास माहीत होता. पाहुण्याच्याच वापरलेल्या टॉवेलने पेला पुसायचा आणि वर कोरी टोपी घालायची, हे त्यांनी हजार वेळा केलं होतं. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. त्यांनी दोन्ही पेले साबणाने घासून काढले.

"मिळालं काही?" घड्याळजींनी पलंगावर बसत विचारलं.

"नाही. तेच तर."

"काय तेच तर?"

"काहीच मिळत नाही म्हणजे काय? एवढ्या भाड्यात एवढी स्वच्छता कुणाला परवडते? यांची मिळकत दुसरीकडून असणार."

काहीच सापडलं नाही, म्हणून संशय दुप्पट झाला, अशी ही बाई. घड्याळजींनी कपाळाला हात लावला आणि बूट काढले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. मावशींचा हात त्या क्षणी नेमका बटव्यावर होता. दारात या मोटेलची सफाईवाली उभी होती. पन्नाशीची, किडकिडीत, अंगावर विटका राखाडी एप्रन, केस मागे इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्या गेलेल्या. हातात दोन टॉवेल. तिची नजर मावशींच्या हातावर गेली आणि लगेच जमिनीकडे वळली.

"टॉवेल," ती म्हणाली. "आणि कडी जरा वर उचलून लावा. नाहीतर बसत नाही."

ती गेली. मावशींनी कडी वर उचलून लावली, मग खुर्ची ओढून मुठीखाली अडकवली.

"बघितलंत?"

"काय?"

"न मागता टॉवेल कोण आणतं? बघायला आली होती ती. माझा हात कुठे आहे ते तिने बरोब्बर पाहिलं. आणि त्या कडीचं गुपितही तिला ठाऊक."

"अगं, ती इथे काम करते. तिला नाही तर कुणाला ठाऊक असणार?"

"तेच म्हणतेय मी."

घड्याळजींनी कूस बदलली. ते पाच मिनिटांत घोरायला लागले.

मावशींना झोप कुठली. गादी मऊ होती, पण उशीला डोकं लागलं की त्यांना वाटे, आपण कामाच्या वेळेत पाहुण्याच्या पलंगावर आडव्या झालोय आणि आता मॅनेजर येईल. शिवाय ती सफाईवाली डोळ्यांपुढून हलत नव्हती. खोल्या आवरणाऱ्या बाईला काय काय दिसतं, ते मावशींइतकं कुणाला माहीत होतं? कोण पैसे पुस्तकात ठेवतं, कोण मोज्यात, कोण टाकीच्या झाकणाखाली, सगळं दिसतं. त्यांनी स्वतः कधी कशाला हात लावला नव्हता. पण लावायचा म्हटला तर कसा लावता येईल, हे त्यांना एकतीस वर्षं माहीत होतं. माहीत असण्याचंही एक ओझं असतं.

आणि हात न लावताही काय होतं, तेही त्यांना माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी सात नंबरच्या खोलीतल्या एका बाईची अंगठी हरवली होती. "ए, खिसे दाखव," ती बाई सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती. मावशींनी खिसे दाखवले. तेवढ्याने भागलं नाही. मॅनेजरच्या बायकोने त्यांना चादरींच्या कोठीत नेलं, दार लावलं, अंगावरचं सगळं उतरवायला लावलं आणि जेवणाचा डबासुद्धा उलटा करून पाहिला. तीन दिवसांनी अंगठी धुलाईच्या कारखान्यात सापडली, एका अभ्र्याच्या कोपऱ्यात. मॅनेजरने ती पाकिटात घालून त्या बाईला पाठवून दिली. मावशींना कुणी काही सांगितलं नाही. धुलाईवाल्याने सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून कळलं. त्या रात्री मावशींनी घरी येऊन ब्लेड घेतलं आणि एप्रनचे दोन्ही खिसे उसवून काढले. खिशांखालचं कापड उन्हापाण्यात विटलं नव्हतं, त्यामुळे तिथे दोन गडद चौकोन उरले. पुढची सगळी वर्षं त्या बिनखिशाच्या एप्रनमध्येच वावरल्या. लेक शाळेत होती, नोकरी सोडून चालणार नव्हतं. आपल्याकडे कधीतरी मॅनेजर येईल आणि "चुकलं" म्हणेल, मग आपण काय उत्तर द्यायचं, हे मात्र त्यांनी चांगलं घोटून ठेवलं होतं. ते उत्तर कुणी मागितलं नाही.

अंगावर ठेवलेला बटवा रात्री त्यांना धोक्याचा वाटायला लागला. कुणी शिरलंच तर आधी बाईचं अंगच चाचपेल. त्यांनी बटवा सोडवला आणि आपल्या उशीच्या अभ्र्यात, आतल्या दुमडीला, पिनेने अडकवला. थोड्या वेळाने अंगठी आठवली. अभ्रा नको. काढून गादीखाली सरकवला. मग आठवलं, गादीखाली तर शेंबडं पोरही बघतं. तिथून काढून घड्याळजींच्या बुटात कोंबला. पण हे ध्यान सकाळी तसंच पाय घालेल. पुन्हा उठल्या. चौथ्यांदा बटवा कुठे ठेवला, हे झोपेने त्यांना धड लक्षात ठेवू दिलं नाही. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की शेवटी गादीखालीच बरा असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं आणि केलं यात किती अंतर असतं, ते अर्ध्या झोपेत कुणाला कळतं?

जाग आली तेव्हा चांगलं फटफटलं होतं. पडद्यातून ऊन गादीवर आलेलं. मावशी दचकून उठल्या. परकी खोली, परका पलंग, उजाडलेलं, उशीर झालेला. निवृत्त होऊन चार महिने झालेत, हे मनाला आठवण्याआधी हातांनी काम सुरू केलं होतं. एक झटका वरच्या चादरीला, एक खालच्या, दोन अभ्र्यांना. सगळं चादरीच्या पोटात, चारी टोकं वर आणि गाठ. खुर्ची बाजूला करून गाठोडं दाराबाहेर ठेवलं, तेव्हा कुठे त्या पूर्ण जाग्या झाल्या. न्हाणीघरातून घड्याळजी दाढीचा फेस लावलेल्या तोंडाने बघत होते.

"आता फरशीही पुसणार का?" त्यांनी विचारलं.

मावशी ओशाळल्या. "सवय," म्हणाल्या.

मालकिणीने चहाला बोलावलं. तिच्या दर्शनी खोलीत दोघं चहाला बसली. तिथे येताना मावशींना दिसलं होतं, सफाईवाली बादली घेऊन चार नंबरमध्ये शिरत होती. अर्धा कप टाकून त्या उठल्या आणि खोलीकडे निघाल्या. सफाईवाली तोवर फरशी पुसून बाहेर पडत होती. ती बाजूला झाली. मावशींनी आत जाऊन गादी उचलली.

गादीखाली काही नव्हतं.

त्यांनी दुसरी बाजू उचलली. मग गादी पूर्ण उलटली. पलंगाखाली हात घातला, पिशवी रिकामी केली, स्वतःचं अंग चाचपलं. घड्याळजी आले तेव्हा मावशी ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या.

"बूट काढा!"

घड्याळजींनी बूट काढले. बुटांत त्यांचे पाय होते, आणखी काही नव्हतं.

"साखळी," मावशी एवढंच म्हणाल्या.

पावणेआठ वाजले होते. पुढे अडीच तासांचा रस्ता. अकरा वाजता लेक ओक्याबोक्या गळ्याने कचेरीच्या पायरीवर उभी राहणार आणि आपण रिकाम्या हातांनी जाणार. एवढी एकच गोष्ट मागितली होती तिने! मावशी उठल्या आणि बाहेर आल्या. सफाईवाली पाच नंबरच्या दाराशी फडकं पिळत होती.

"ए!" मावशी ओरडल्या.

सफाईवालीने वर पाहिलं.

"खोलीत तूच होतीस. आम्ही चहाला गेलो आणि तू शिरलीस. काल रात्री टॉवेलचं निमित्त करून बघून गेलीस ते मला कळलं नाही असं वाटलं का? माझ्या आईची साखळी आहे ती. खिसे दाखव."

घड्याळजी मागून "अगं, अगं" म्हणत होते. मालकीण सुजलेला पाय ओढत दारापर्यंत आली होती. दोन नंबरमधला पाहुणा दात घासता घासता बाहेर येऊन उभा राहिला.

सफाईवाली रडली नाही, शपथ घेतली नाही. तिने फडकं बादलीच्या काठावर टाकलं, हात कोरडे केले आणि एप्रन दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून पुढे ताणला. तिला हे असं कसं धरायचं ते माहीत होतं.

एप्रनला खिसे नव्हते. खिशांच्या जागी दोन गडद चौकोन होते, आणि त्यांच्या कडेने उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं.

मावशी त्या चौकोनांकडे बघत राहिल्या. आपल्याच कपाटातला एप्रन दुसऱ्या बाईच्या अंगावर दिसावा, तसं झालं त्यांना. कोठीचं बंद दार आठवलं, उलटा केलेला डबा आठवला. आणि आत्ता आपल्या तोंडून जो आवाज निघाला, तो कुणाचा होता हेही त्यांना कळलं. लाज वाटली. अशी लाज त्यांना त्या कोठीतही वाटली नव्हती.

"तुमचं गाठोडं सोडून बघितलं का?" सफाईवालीने विचारलं. तिचा आवाज कालच्यासारखाच होता, टॉवेल देतानाचा.

"ते... ते तर धुवायला गेलं असेल."

"नाही गेलं," मालकीण म्हणाली. "माझ्या टेबलाखाली पडलंय. ही बाई पाहुण्याचं गाठोडं कधी एकटी सोडत नाही. पाहुणा निघायच्या वेळी माझ्यासमोर आणून सोडते, प्रत्येक अभ्रा झटकून दाखवते आणि मग धुवायला टाकते. बारा वर्षं झाली. मला वैताग येतो, पण ऐकत नाही."

सगळे दर्शनी खोलीत आले. गाठोडं टेबलावर ठेवलं गेलं. सफाईवाली हात मागे बांधून दोन पावलं लांब उभी राहिली. मावशींनी गाठ सोडायला घेतली. आयुष्यभर घातलेली स्वतःचीच गाठ, पण सुटेना. शेवटी घड्याळजींनी नखाने सोडवली. पहिला अभ्रा रिकामा. दुसरा मावशींनी आतून बाहेर उलटला, आणि आतल्या दुमडीला, पिनेने अडकवलेला, तो बटवा लोंबत होता.

"काखेत कळसा," घड्याळजी हळूच म्हणाले. पण गावाला वळसा म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

मालकीण खाली बसली. "चला, मिळाली ना," म्हणाली. "चहा गार झाला, दुसरा करते." दोन नंबरचा पाहुणा चूळ भरायला निघून गेला. सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीही ते असंच मिटलं होतं. घड्याळजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली खिशातून काढली.

मावशी जागच्या हलल्या नाहीत. बटवा मुठीत होता. निघून जायला काही अडचण नव्हती. पाहुणे तसेच जातात.

त्या सफाईवालीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, माझं चुकलं," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, कारण आरोपही तेवढ्याच मोठ्याने केला होता. "तुमच्यावर आळ घेतला. तुम्हाला ए म्हटलं. मीही हेच काम केलंय, एकतीस वर्षं. माझ्याही एप्रनला खिसे नव्हते. मला हे कळायला हवं होतं."

सफाईवालीने पाठीमागे बांधलेले हात सोडले. मग म्हणाली, "गाठोडं बघितलं तेव्हाच कळलं होतं. पाहुणे असली गाठ मारत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. तिने टेबलावरचे अभ्रे गोळा केले, एकात एक घातले, पुन्हा बाहेर काढले. "असं कुणी मला म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, ते मी ठरवून ठेवलेलं होतं. खूप वर्षांपूर्वी. चांगलं लांबलचक होतं." तिने मावशींकडे पाहिलं. "आता आठवत नाही."

मावशींना आपलंही उत्तर आठवेना. सफाईवालीने अभ्रे खाली ठेवून धुतलेली चादर काढली, तेव्हा त्यांनी तिच्या हातातून ती घडी घेतली आणि चार नंबरकडे चालू लागल्या. दोघींनी मिळून पलंग घातला. एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोघींनीही हे काम जन्मभर एकटीने, पलंगाभोवती फेऱ्या मारत केलं होतं. पलीकडून कुणीतरी टोक धरलं की चादर किती पटकन बसते, याचं मावशींना नवल वाटलं. बाहेर घड्याळजींनी हॉर्न वाजवला, एकदाच आणि अगदी हळू.

कचेरीच्या पायऱ्यांवर ते पोचले तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. लेक धावत आली. मावशींनी साखळी काढून तिच्या गळ्यात घातली, पण सैल फासा काही केल्या बसेना. घड्याळजी आपला बरा डोळा साखळीला लावून दातांनी फासा दाबायला लागले. लेक मान वाकवून उभी होती. तिला आईचा स्वभाव माहीत होता, त्यामुळे तिने हसतच विचारलं, "रात्री कुठे थांबलात? कशाकशात खोट काढली तिथे? जागा कशी होती?"

"जागा चांगली होती," मावशी म्हणाल्या. "मी चांगली नव्हते."

लेकीला वाटलं, आई थट्टा करतेय. ती वडिलांकडे वळली, तर तेही हसत नव्हते.